भाऊजींच्या डोळ्याखालचा काळा थेंब

भाऊजींनी चाळीस वर्षांत कामावर एकदाही टोपी घातली नाही. अंगात मस्ती होती म्हणून नव्हे, तो त्यांच्या धंद्याचा नियम होता.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. इमारतींना बाहेरून रंग देणं हे त्यांचं काम. रंगारी पुष्कळ असतात. पण जुन्या भिंतीची पोपडे निघालेली जागा रंगवायची आणि नवा रंग नेमका कुठे लावला हे कुणाला ओळखू येता कामा नये, असं काम निघालं की लोक भाऊजींना शोधत यायचे. दुकानातल्या मशीनमधून काढलेल्या छटांवर त्यांचा विश्वास नव्हता. “मशीनला डबा कळतो, भिंत कळत नाही,” असं ते म्हणत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. बादलीत रंग कालवायचा, बोट बुडवून डाव्या मनगटावर एक रेघ ओढायची आणि भर उन्हात जाऊन ते मनगट भिंतीला टेकवायचं. मग डोळे बारीक करून बघत राहायचं. हाताखालची माणसं ब्रश घेऊन खोळंबलेली असायची. शेवटी भाऊजी म्हणायचे, “अजून एक थेंब काळा.” तो थेंब पडला की रंग जुळायचा. यावरून धंद्यातल्या लोकांनी त्यांचं नाव ‘एक थेंब’ ठेवलं होतं, आणि त्यांनाही ते मनातून आवडत असावं.

टोपीचा प्रश्न इथे येत असे. त्यांचं म्हणणं, टोपीची कड डोळ्यांवर सावली टाकते आणि सावलीत पिवळा हिरवट दिसतो. काळ्या चष्म्याचं तर नावच काढायचं नाही. त्यामुळे चाळीस उन्हाळे त्यांनी उघड्या डोक्याने, उघड्या चेहऱ्याने भिंतीसमोर काढले. नुकत्याच पांढऱ्या केलेल्या भिंतीसमोर दुपारी बारा वाजता पाच मिनिटं उभं राहून पाहावं. ऊन वरून लागतं तसंच समोरूनही लागतं. मी उभा राहिलो आहे. मला डोळे उघडे ठेवता आले नव्हते.

ते आमच्या इमारतीचं काम होतं. इमारतीचा सचिव मी असल्यामुळे कुठली बाजू कधी पूर्ण झाली याची नोंदवही मी ठेवली होती. पूर्वेची बाजू पूर्ण झाली त्या दिवशी भाऊजी शिडीवरून उतरून पायरीवर चहा प्यायला बसले. उजव्या डोळ्याच्या खाली, नाकाच्या बाजूला, मला एक काळा ठिपका दिसला. मोहरीएवढा, चकचकीत. खिडक्यांच्या गजांना त्याच दिवशी काळा ऑइलपेंट दिला होता, त्याचा शिंतोडा उडावा तसाच.

“भाऊजी, रंग लागलाय,” मी म्हणालो.

“रंगाऱ्याला रंग नाही लागणार तर काय अत्तर लागणार?”

तरी मी उठलो, डब्यातल्या टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी घासलं. ठिपका गेला नाही. “वाळलाय,” ते म्हणाले आणि कपात बोट बुडवून चहातली मुंगी बाहेर काढली. विषय संपला.

पुढे तो ठिपका कधीच गेला नाही. भाऊजी मात्र रोज काम संपलं की हात, कोपर, मान पुसताना त्याच चिंधीने डोळ्याखालीही घासायचे. वर्षभराने त्यातून मधूनमधून रक्त येऊ लागलं. त्याचं कारण तयारच होतं: टर्पेंटाइनने कातडी सोलवटते. खपली धरायची, निघायची, पुन्हा धरायची. औषधाच्या दुकानदाराने एक मलम दिलं, मग दुसरं. दुसरं लावल्यावर पंधरा दिवस लाली कमी झाली, तेवढ्यावर त्यांनी तो दुकानदार मोठ्या डॉक्टरांच्या वरचा ठरवून टाकला.

त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणून मी जे जे केलं त्याची यादी दिली तर वाचणाऱ्याला कंटाळा येईल. फोन केले. घरी गेलो. वेळ ठरवली, ती मोडली. पुन्हा ठरवली. प्रत्येक वेळी नवी सबब. “दुखत नाही हो मेव्हणे. दुखत नाही तो आजार कसला?” हे एक. “ऊन गोऱ्या लोकांना बाधतं. आपलं कातडं आधीच रंगाचे दोन हात मारून आलंय,” हे दुसरं. तिसरी सबब त्यांनी आवाज खाली आणून सांगितली होती. त्यांच्या ओळखीच्या एका गवंड्याच्या गाठीचा तुकडा तपासणीला काढला आणि चार महिन्यांत गवंडी गेला. “सुई लावली की ते उधळतं. झाकलेलं झाकलेलंच बरं.”

“तो गवंडी आधीच शेवटाला आला असेल,” मी म्हणालो.

“तुम्ही होतात का तिथे?”

मी नव्हतो. ऑफिसात मी दोनशे माणसांच्या रजा, हजेऱ्या आणि बदल्या सांभाळतो. पण या एका माणसापुढे मी हात टेकले होते. ताईला सांगावं तर ती वेगळ्याच काळजीत. “हे आणि मी एकाच टॉवेलला तोंड पुसतो रे. मला काही होणार नाही ना?” आणि लगेच, “मला झालं तरी चालेल, पण नातीला हे रोज मांडीवर घेतात.”

शेवटी ते दवाखान्यात यायला तयार झाले ते माझ्यामुळे नाही, ताईमुळेही नाही. एका दंतवैद्याच्या दवाखान्याचा नवा पांढरा दरवाजा ते रंगवत होते. शेवटचा हात झाला, वाकून खालची कड बघितली आणि खपली निघून रक्ताचा ओघळ त्या ओल्या पांढऱ्यावर पडला. ओला रंग पुसता येत नाही. सगळी फळी घासून पुन्हा करावी लागली. त्या संध्याकाळी त्यांचा आपणहून फोन आला.

“मेव्हणे, तुमच्या त्या डॉक्टरला विचारा, कधी येऊ.”

“काय झालं?”

“माझ्या दरवाजावर डाग पडला.”

दोन वर्षं मी चेहऱ्याबद्दल बोलत होतो. दरवाजाबद्दल बोलायला हवं होतं.

मोठ्या हॉस्पिटलात त्वचेच्या विभागासमोर आम्ही तिघं सकाळी आठला जाऊन बसलो आणि सव्वाबाराला आत गेलो. मधल्या वेळात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे, दुसरीवरून पुन्हा पहिलीकडे, असे माझे पाच फेरे झाले. पहिल्या खिडकीवरच्या माणसाला मी विचारलं की कुठला कागद आधी लागतो हे भिंतीवर लिहून का लावत नाही. तो म्हणाला, “लावलं होतं. रंगकामात काढलं, परत लावलंच नाही.” भाऊजी खूश होऊन हसले. मला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या होत्या. त्यांनी एक छोटं भिंग भाऊजींच्या गालाला लावलं आणि बराच वेळ बघितलं. मोहरी आता हरभऱ्याच्या डाळीएवढी झाली होती. मध्ये खड्डा, कडेला मण्यांसारखी चकाकी.

“किती दिवसांपासून आहे?”

“असेल चार-सहा महिने,” भाऊजी म्हणाले.

“तीन वर्षं दोन महिने,” मी म्हणालो.

बाईंनी भिंग खाली घेतलं. “इतकं नक्की कसं सांगता?”

“आमच्या इमारतीचं रंगकाम चालू होतं. नोंदवहीत तारीख आहे.”

“तारीख लिहून ठेवलीत,” त्या म्हणाल्या, “मग आणलं का नाही?”

ते ऐकत नव्हते, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पहिलं सबंध वर्ष मी त्या ठिपक्याबद्दल काहीच बोललो नव्हतो. तो रंग आहे हे मीच ठरवलं होतं.

बाई समजावून सांगण्यात मात्र कमी पडल्या नाहीत. हा कातडीचा कॅन्सर असण्याची दाट शक्यता आहे. सावळ्या रंगामुळे माणूस बराच वाचतो, पण चाळीस वर्षांच्या उन्हापुढे पूर्ण वाचत नाही. या जातीचा कॅन्सर शरीरभर सहसा पसरत नाही, जागच्या जागी पोखरत जातो, आणि इथली जागा वाईट आहे. तुकडा काढल्याने तो उधळत नाही. तुकडा काढल्याशिवाय नक्की कळत नाही. टॉवेलने लागत नाही, मांडीवर घेतल्याने नातीला होत नाही. ताईने हे दोनदा विचारून घेतलं.

“टर्पेंटाइनने झालं का हो?” मी विचारलं.

“नाही. पण रक्त कशाने येतंय याची सबब त्याने पुरवली.”

तुकडा काढला. रिपोर्ट दहा दिवसांत मिळणार होता, तो मिळायला चोवीस दिवस लागले. दोनदा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो आणि दोनदा ‘सही व्हायची आहे’ ऐकून परतलो. रिपोर्ट आला तो बाई म्हणाल्या तसाच. मी सगळे कागद तारखेवार एका निळ्या फाइलमध्ये लावले. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि मला हायसं वाटलं.

त्या तारखेला मी आणि ताई सकाळी सातला वॉर्डाबाहेर हजर. भाऊजी “साइटवर किल्ली देऊन येतो” म्हणून पहाटेच बाहेर पडलेले. साडेसात झाले, आठ झाले. नर्सने त्यांचं नाव तीनदा पुकारलं. तिसऱ्या वेळी ताईने “आहेत, येतायत” असं सांगितलं आणि तिचा आवाज फुटला. साडेनवाला त्यांच्या जागी दुसऱ्या पेशंटला आत घेतलं. मी ताईला बाकावर बसवलं आणि दोन बस बदलून त्या साइटवर गेलो.

साइट म्हणजे एक शाळा होती. सुट्टी संपायला आठ दिवस होते. दर्शनी भिंतीचा डावा अर्धा भाग मऊ, उन्हात तापलेल्या मातीसारख्या रंगाने पूर्ण झाला होता. उजवा अर्धा अजून फक्त प्रायमरचा, पांढराफटक. त्या पांढऱ्यासमोर शिडीवर भाऊजी.

“या मेव्हणे. वर येताय की खालूनच ओरडणार?”

“मी ओरडत नाहीये. खाली उतरा.”

“एवढी पट्टी होऊ द्या.”

“तिथे तुमचं नाव तीनदा पुकारलं.”

“मग हजर म्हणायचं. हजेऱ्या मांडण्यात उभी नोकरी गेली तुमची.”

“ताई तिथे रडतेय.”

रोलर भिंतीवर वर गेला, खाली आला.

“हा उरलेला भाग तुमची माणसं करतील,” मी म्हणालो. “रंगाचं प्रमाण त्यांना सांगून ठेवा.”

“प्रमाण नाही.”

“नाही म्हणजे?”

“बादली संपली की नवी कालवतो. डोळ्याने. कागदावर कुठे असतं?”

“चाळीस वर्षांत एकाही रंगाचं प्रमाण तुम्ही लिहून ठेवलं नाहीत?”

“ऊन रोज वेगळं असतं. काय लिहिणार?”

माझा तोल गेला. शाळेची भिंत दुरंगी झाली तर कुणाचा जीव जाणार नाही, तुमचा डोळा जाईल, असं काहीतरी मी बरंच मोठ्याने बोललो. शिपाई फाटकापाशी येऊन उभा राहिला.

भाऊजी दोन पायऱ्या खाली उतरले. रोलर शिडीला अडकवला. “मेव्हणे, डोळा जाईल हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? म्हणूनच हे आधी. त्यांनी तिथे कापल्यावर मला हा रंग पुन्हा जुळवता येईल, असं तुमच्या बाई लिहून देतात का? अर्धी भिंत या डोळ्याची आहे. दुसरी अर्धी याच डोळ्याने व्हायला पाहिजे. मग काय ते कापा.”

राग होता, तो तसाच राहिला. सावलीत उभं राहावं म्हटलं तर त्या भिंतीला कुठे सावलीही नव्हती. मी परत दोन बस बदलल्या.

पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. त्या पाच आठवड्यांत मी भाऊजींशी एक शब्द बोललो नाही. ताईकडून कळायचं ते कळत होतं: भिंत झाली, मुख्याध्यापक येऊन बघून गेले, जोड कुठे आहे ते त्यांना सापडलं नाही. मला त्या भिंतीची बातमी ऐकायची नव्हती. रोज सकाळी दाढी करताना मी आरशात माझा उजवा डोळा बघायचो आणि पाच आठवड्यांत ते पोखरणं किती पुढे जाईल याचा हिशेब करत बसायचो.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. गाठ खालच्या पापणीच्या कडेपर्यंत पोहोचली होती. पापणीचा एक तुकडा काढावा लागला, कानामागची कातडी तिथे लावली. डोळा वाचला. गाठ पुरती निघाली का, ते काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासल्यावर कळणार होतं. पुढे त्या स्वच्छ निघाल्या. ऑपरेशन संपल्यावर सर्जन बाहेर येऊन बोलत होते तेव्हा मी त्यांना विचारलं, “हे पाच आठवडे गेले नसते तर पापणी वाचली असती ना?”

मला ‘हो’ ऐकायचं होतं. मग ते मी भाऊजींना ऐकवणार होतो.

“पाच आठवड्यांनी फारसा फरक पडत नाही,” सर्जन म्हणाले. “हे हळू वाढतं. पहिल्या वर्षात आले असते तर दोन-तीन टाके घालून त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. पापणीपर्यंत जायचा प्रश्नच नव्हता.”

पहिलं वर्ष. ज्या वर्षात मी काही बोललो नव्हतो, ते. शाळेच्या भिंतीपाशी मी ज्यासाठी घसा फोडला होता ते पाच आठवडे निर्दोष ठरले, आणि पायरीवरची ती चिंधी समोर येऊन बसली. इतके दिवस राग कुणावर काढायचा हे तरी माहीत होतं. आता तेही गेलं.

याला आता सात महिने झाले. भाऊजींची उजवी पापणी जराशी खाली ओढल्यासारखी दिसते. नात त्यांना ‘झोपाळू आजोबा’ म्हणते. नजर चांगली आहे, पण उन्हात गेलं की डोळ्यातून पाणी वाहतं आणि सगळे रंग पाण्याखाली जातात. रुंद कडेची टोपी ताईने त्यांच्या डोक्यावर बसवली ती बसवली. उन्हाचं क्रीम त्यांना समजावताना मात्र डॉक्टरीणबाईंनाही घाम फुटला होता. “एकदा लावलं की झालं ना?” असं ते विचारत राहिले. शेवटी मीच म्हणालो, “दर दोन तासांनी दुसरा हात मारायचा.” तेव्हा समजलं. आता पहिला हात इतका जाड मारतात की पुट्टी भरल्यासारखा चेहरा दिसतो.

दर सहा महिन्यांनी तपासणी असते, कारण एकदा झालं त्याला दुसरीकडेही होऊ शकतं. पहिली तपासणी गेल्या महिन्यात होती. तारीख मी कॅलेंडरवर, डायरीत आणि ताईच्या फ्रिजवर अशी तीन ठिकाणी लिहिली होती. भाऊजी अर्थातच विसरले. मी निळी फाइल घेऊन त्यांच्या घरी पोहोचलो तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, दोघंही पलीकडच्या गल्लीत कामावर गेलेत.

दोघंही, हे मला नवीन होतं.

एका बैठ्या घराची कुंपणाची भिंत होती. भाऊजी टोपी घालून बादलीत काठी फिरवत होते. ताई उन्हात उभी होती. साडीचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, पण डोळ्यांवर सावली येणार नाही इतकाच. तिने रंगाची रेघ ओढलेलं मनगट भिंतीला टेकवलं होतं.

“अजून एक थेंब काळा,” ती म्हणाली.

“एक पुरे?”

“एकच. छत्तीस वर्षं तुमच्या मनगटावरचे रंग धुतलेत मी. मला शिकवू नका.”

भाऊजींनी थेंब सोडला. तिने पुन्हा रेघ ओढली, बघितली, मान हलवली. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“बघा मेव्हणे. धंदा हातचा गेला.”

“तपासणी दहाला आहे,” मी म्हणालो. “साडेनऊ वाजून गेलेत.”

“आज आहे ती?”

“तीन ठिकाणी लिहिलंय.”

“मी फ्रीज उघडतो, वाचत नाही. एवढी पट्टी…”

“पट्टी नाही,” ताई म्हणाली. “मी करते. तुम्ही जा. आणि टोपी काढू नका.”

तिच्यापुढे त्यांची काही मात्रा चालत नाही हे मला बरं वाटलं आणि इतकी वर्षं ती का चालली याचा रागही आला. भाऊजींनी काठी बादलीला टेकवली आणि माझ्याकडे हात पुढे केला. “ती चिंधी द्या इकडे. तोंडावर उडालंय बहुतेक.”

डब्यावर टर्पेंटाइनची चिंधी होती. मी ती उचलली, पण दिली नाही. आधी त्यांची टोपी वर सरकवली आणि जवळून बघितलं, बाईंनी दाखवलं होतं तसं: कपाळ, दोन्ही कान, कानांच्या मागे, नाकाच्या कडा, मान. ते लहान मुलासारखे तोंड वर करून उभे राहिले. डाव्या गालावर एक गडद ठिपका होता. मी बोट ओलं करून तो हळूच चोळला. निघाला.

मग चिंधी दिली, हात पुसायला. आणि घड्याळ दाखवलं.